अफझलगंजचा पशुयाग

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तर काठी पाचवे निजाम अफझलुद्दौला यांनी धान्याच्या व्यापाऱ्यांना जागा देऊन जी पेठ वसविली, तिला त्यांच्याच नावावरून अफझलगंज म्हणतात. आज तेथे उतरणाऱ्याच्या कानी मोलभावापेक्षा बसगाड्यांचा गोंगाटच अधिक पडतो, आणि डोळ्यांत भरतात त्या दोन वास्तू : व्हिन्सेंट एश या स्थापत्यकाराने रचलेले घुमटदार उस्मानिया इस्पितळ, आणि जवळच आसफिया ग्रंथालय, ज्याला आता राज्य मध्यवर्ती ग्रंथालय असे रुक्ष सरकारी नाव आहे. इस्पितळाची ही इमारत मात्र प्रस्तुत विषयाहून वयाने धाकटी आहे. तिच्या आधीचे, सालारजंगांच्या दिवाणगिरीत उघडलेले अफझलगंज इस्पितळ २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात उद्ध्वस्त झाले. त्या दिवशी आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, आणि ते झाड दाखविल्याशिवाय हैदराबादी माणूस पाहुण्याला पुढे जाऊ देत नाही. मला लिहावयाचे आहे ते त्या पुरापूर्वी वीस वर्षे याच इस्पितळाच्या आणि त्याला जोडलेल्या हैदराबाद मेडिकल स्कूलच्या मंडळींनी केलेल्या एका उद्योगाविषयी. त्याची आठवण सांगणारे झाड नाही, आणि पाहुण्याला तो कोणी दाखवीतही नाही.

उद्योग क्लोरोफॉर्मचा. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी या द्रव्याचा वेदनाशमनासाठी उपयोग सुरू केला, आणि त्याला तीन महिनेही लोटले नाहीत तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढविताना त्याच्या वाफेने पाहता पाहता दगावली. ती श्वास थांबून मेली की हृदय थांबून, या प्रश्नावर पाश्चात्त्य वैद्यकात जे दोन तट पडले, ते पुढची साठ वर्षे बुजले नाहीत. लंडनचे जॉन स्नो यांचे म्हणणे असे की, दाट वाफ हृदयालाच पांगळे करते. एडिंबरोचे जेम्स साइम यांची शिकवण अशी की, रोग्याच्या श्वासावर डोळा ठेवा, नाडीच्या नादी लागू नका. हा शब्दांचा खेळ नव्हता. टेबलावर माणूस निश्चेष्ट पडला असता, गुंगी देणाऱ्याचे लक्ष त्याच्या छातीकडे असावे की मनगटाकडे, यावर त्याचे घरी परत जाणे अवलंबून होते.

एडवर्ड लॉरी हे साइमचे शिष्य. निजामाच्या राज्यात रेसिडेन्सी सर्जन म्हणून आल्यावर त्यांच्याकडे अफझलगंज इस्पितळ आणि मेडिकल स्कूल या दोहोंची सूत्रे आली. हे स्कूल १८४६ सालचे; तेथे आरंभी उर्दूतून शिक्षण होई आणि उत्तीर्ण होणाऱ्यास 'हकीम' ही पदवी मिळे. लॉरी यांनी आपल्या गुरूची रीत येथे अक्षरशः चालविली, हजारो माणसांना क्लोरोफॉर्म दिला, आणि आपल्या हातून श्वासाकडे लक्ष ठेवल्यामुळे कोणी दगावत नाही, असे ते अभिमानाने सांगत. १८८८ साली त्यांनी दरबाराच्या पाठिंब्याने एक आयोग नेमविला. शंभराहून अधिक कुत्र्यांवर प्रयोग झाले, आणि निष्कर्ष निघाला तो साइमच्या शिकवणीला अनुकूल : क्लोरोफॉर्मने श्वास बंद पडतो, हृदयाला प्रत्यक्ष धोका नाही. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाला हे पटेना. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांच्या तिजोरीतून 'लॅन्सेट'ला एक हजार पौंड देण्यात आले, की तुम्ही आपला माणूस पाठवा आणि डोळ्यांनी पाहा. आपल्या काळात सरकारकडून संशोधनाला चार पैसे मिळविताना विद्यार्थ्यांच्या चपला झिजतात, त्या पार्श्वभूमीवर या दानतीचे मला कौतुक वाटते. तिच्या परिणामाविषयी पुढे बोलू.

'लॅन्सेट'ने पाठविले ते टॉमस लॉडर ब्रंटन यांना. हृदयविकाराच्या कळा अमिल नायट्राइटने शमतात हे १८६७ साली दाखवून देणारे हे नामांकित वैद्य, आणि मताने लॉरींच्या विरुद्ध पक्षाचे. १८८९ च्या अखेरच्या महिन्यांत लॉरी, ब्रंटन, बॉम्फर्ड आणि रुस्तुमजी या चौघांचा दुसरा आयोग कामाला लागला.

अशा प्रयोगाची त्या काळची रीत समजून घेतल्याशिवाय पुढचा विचार हवेत राहील. प्राणी फळीवर बांधला जाई. गळ्याच्या बाजूची धमनी उघडून तिच्यात काचेची बारीक नळी बसवीत, आणि रक्त गोठून मार्ग बुजू नये म्हणून नळीत क्षाराचे पाणी भरीत. नळीचे दुसरे टोक पाऱ्याच्या वाकड्या नलिकेला जोडलेले. पाऱ्यावर तरंगता दांडा, दांड्याच्या टोकाला लेखणी. आणि लेखणीसमोर काजळी धरलेला कागद गुंडाळून घड्याळाच्या यंत्राने सावकाश फिरणारा दंडगोल. हृदयाचा ठोका पडला की काजळीत एक पांढरा दात उमटे, आणि दातांची ही रांग श्वासाच्या मोठ्या लाटेवर खालीवर होत जाई. नाकाशी धरलेल्या टोपीत क्लोरोफॉर्म वाढवीत नेला म्हणजे रेघ उतरू लागे. प्रथम लाट सपाट होई, दात मात्र आणखी काही वेळ उमटत राहत, मग तेही लहान होत होत नाहीसे होत. कागद उतरवून लाखेच्या द्रावणात बुडविला की तो आलेख पक्का झाला. फळीवरचा प्राणी सोडून तेथे दुसरा बांधावयाचा.

डिसेंबरात ब्रंटन यांची तार 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. कुत्री, घोडे, माकडे, बकऱ्या, मांजरे आणि ससे मिळून चारशे नव्वद प्राणी उपयोगात आणले असून धोका गुदमरण्याचा किंवा अतिमात्रेचा आहे, हृदयाला थेट धोका मुळीच नाही, असा तिचा आशय होता. म्हणजे विरुद्ध मताचा पंच स्वतःच हरल्याची कबुली देत होता. लॉरींना याहून मोठा विजय तो कोणता हवा होता?

हा विजय टिकला नाही. केंब्रिजचे गॅस्केल आणि शोर यांनी १८९३ साली या निष्कर्षावर सप्रयोग टीका केली, ती लॉरींनी मान्य केली नाही. पुढे १९११ साली लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, क्लोरोफॉर्म हृदय थांबवितो, आणि तो गाढ गुंगीत नव्हे, तर हलक्या गुंगीतच. त्या अवस्थेत शरीरात ॲड्रेनलिनचा जोर झाला, तर हृदयाचे स्नायू ताल सोडून नुसते थरथरू लागतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. हे ॲड्रेनलिन भयाच्या क्षणी शरीर स्वतःच रक्तात सोडते. अफझलगंजात आणि लंडनात तपासलेल्या मृत्यूंतला भेद असा आहे : आयोगाने मात्रा चढवीत नेऊन प्राण्याला सावकाश मारले आणि त्या वाटेवर आधी काय बंद पडते ते पाहिले, हॅना ग्रीनरसारखी माणसे मात्र आरंभीच, अर्धवट गुंगीत, भेदरलेली अशी मेली होती. तिचा प्रश्न अफझलगंजात कोणी विचारलाच नाही.

येथे माझा धर्मविषयक प्रश्न सुरू होतो. ज्ञानासाठी प्राणी मारावा की नाही, हा प्रश्न जुना आहे आणि त्याची दोन्ही उत्तरे पाठ करून ठेवलेली आहेत. एक पक्ष म्हणतो, माणसाचे प्राण वाचत असतील तर मारावा. दुसरा म्हणतो, मुक्या जिवाची हत्या कोणत्याही फळाने शुद्ध होत नाही. चारशे नव्वद प्राणी या दोन्ही पक्षांना अडचणीत टाकतात. पहिल्या पक्षाला विचारावे, की निष्कर्ष चुकला, तेव्हा तुमच्या हिशेबात जमेच्या बाजूला काय राहिले? दुसऱ्याला विचारावे, की मग लेव्ही यांची मांजरे आणि लॉरी यांची कुत्री तुम्ही एकाच तागडीत घालणार काय? मला तरी तसे करवत नाही. पण फळ बरोबर आले म्हणून लेव्ही निर्दोष, आणि चुकले म्हणून लॉरी दोषी, हाही न्याय मला पटत नाही; प्रयोग करताना फळ कोणालाच ठाऊक नसते, आणि ठाऊक असेल तर तो प्रयोगच नव्हे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाची तालीम वैदिक पशुयागाच्या निमित्ताने फार पूर्वी होऊन गेली आहे. मीमांसकांचे म्हणणे, वेदविहित हिंसा ही हिंसाच नव्हे. ज्या शास्त्रावरून हिंसा पाप आहे असे आपण जाणतो, तेच शास्त्र यज्ञात पशू सांगते, म्हणून तेथे दोष नाही. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी हीच बाजू घेतली. सांख्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते विधीची आज्ञा यज्ञ सिद्ध करील, पण पशूच्या वधाचा दोष पुसणार नाही. तो अंश पुण्यात मिसळून राहतो, स्वर्गातही भोगावा लागतो, नाहीतर त्याचे प्रायश्चित्त घ्यावे लागते. आजच्या प्रयोगशाळेतला नैतिक व्यवहार बहुतांशी मीमांसकांचा आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा, ज्याच्या मागे राज्यसभेत विधेयक आणणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे श्रम होते, तोच कायदा नव्या ज्ञानासाठी होणाऱ्या प्रयोगांना बेकायदा ठरवीत नाही. त्यासाठी समिती आहे, नमुन्याचे अर्ज आहेत, शिक्का आहे. मंजुरीचा कागद फायलीला लागला की विधी झाला आणि दोष सरला. मी सांख्यांच्या बाजूचा आहे. मंजुरी आवश्यक आहे हे मला मान्य. ती दोष पुसते हे मान्य नाही. आणि दोष उरतो असे मानणाऱ्यालाच, तो कशाने कमी होईल हा पुढचा विचार सुचतो.

हा विचार करताना मला महाभारताच्या शांतिपर्वातली उपरिचर वसूची कथा पुन्हा पुन्हा आठवते. यज्ञात बोकड वापरावा की धान्याचे बीज, यावर देव आणि ऋषी यांचा तंटा लागला आणि दोघांनी आकाशमार्गाने जाणाऱ्या या धर्मज्ञ राजाला पंच नेमले. वसूने प्रथम काय विचारले असेल? कोणाचा पक्ष कोणता ते सांगा, असे विचारले. पशूचा पक्ष देवांचा आहे हे कळताच त्याने देवांच्या बाजूने निवाडा दिला, आणि ऋषींच्या शापाने तो आकाशातून भूमीच्या विवरात गेला. या कथेचा उपयोग सामान्यतः अहिंसेच्या समर्थनासाठी केला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु वसूला शाप मिळाला तो पक्षपाताचा. वस्तूकडे पाहण्याऐवजी त्याने वादी-प्रतिवादींच्या तोंडाकडे पाहिले. प्राण्याच्या जगण्या-मरण्याचा निवाडा करताना ज्याने उत्तर आधी ठरवून मग प्रश्न विचारला, त्याला धर्मज्ञता आकाशात धरून ठेवू शकली नाही.

न्यायशास्त्राने याच भेदाला नेमकी नावे दिली आहेत. गौतमाच्या सूत्रांत कथेचे तीन प्रकार : सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद, जिंकावे म्हणून चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडावा म्हणून चालते ती वितंडा. वादात हरलेल्याचे काही जात नाही, उलट त्यालाच लाभ. जल्पात हरणाऱ्याची मान खाली जाते, म्हणून तेथे छलही चालतो. लॉरींचे प्रयोग बाह्यतः वादाचे होते. विरुद्ध पक्षाचा पंच बोलाविला, आलेख छायाचित्रांत उतरविले, प्रत्येक नोंद जतन केली. आणि ब्रंटन खरोखरच वादी निघाले : आलेख पाहून त्यांनी आपले मत सोडले. त्यांच्या सचोटीवर बोट ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण जो प्रश्न प्राण्यांपुढे ठेवला गेला, त्याची घडणच जल्पाची होती. श्वास आधी की हृदय आधी, हे विचारावयाचे ते कोणत्या मात्रेवर, किती वेळाने, कोणत्या अवस्थेत, ही निवड साइमच्या शिष्याच्या अनुभवातून आली. आणि त्या निवडीच्या चौकटीत पाहणारा माणूस कितीही निष्पक्षपाती असला तरी त्याला तेच दिसणार होते. सच्च्या माणसालाही फसवील अशी ही हिंसा. तिचे मूळ सुरीत शोधून सापडणार नाही. हैदराबादेतले हजारो रोगी जगल्याच्या समाधानात, आणि गुरूविषयीच्या प्रेमात, ते आहे. लॉरींना दुष्ट म्हणणे सोपे झाले असते तर हा निबंध लिहिण्याचे कारण पडले नसते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, प्रयोगात प्राणी मारण्याचा दोष जर कशाने हलका होत असेल, तर तो प्रश्न विचारणाऱ्याच्या हरण्याच्या तयारीने होतो. फळाने नव्हे आणि शिक्क्याने तर नव्हेच. प्राण्याने प्राण देऊन दिलेले उत्तर आपल्या मताविरुद्ध गेले तर ते ऐकून घेण्याची सोय प्रयोगात आधीपासून करून ठेवणे, हे त्या प्राण्याचे आपल्यावरचे ऋण आहे. ज्याने ही सोय केली नाही त्याने प्राणी केवळ मारला नाही, मरताना तो जे सांगू शकला असता तेही बुजविले.

गौतमाच्या सूत्रांत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे आपल्या गुरुभक्त समाजाचे दुर्लक्ष होते. वाद कोणाशी करावा हे सांगताना गौतमाने ज्यांची नावे घेतली त्यांत शिष्य आहे, गुरू आहे, सहाध्यायी आहे. मात्र त्यांच्यात असूया नसावी. शिष्याने गुरूशी वाद करावयाचा, हे तेथे धाडस म्हणून सांगितलेले नाही, रीत म्हणून सांगितले आहे. आता अफझलगंजातल्या शिष्यांकडे पाहा. १८८५ साली याच स्कूलात काही स्त्रियांना प्रवेश मिळाला. त्यांतल्या रूपाबाई फरदूनजी यांना लॉरींचे उत्तेजन लाभले, १८८९ साली त्या हकीम झाल्या, आणि आयोगाच्या कामात त्यांचा सहभाग होता असे सांगतात. पुढे जन्मभर त्यांनी गुंगी देण्याचे काम केले, वयाच्या प्रौढपणी एडिंबरोला जाऊन शिकल्या, आणि जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून आज हैदराबाद त्यांचे नाव घेते. ज्या काळी बायकांना दवाखान्याच्या पायऱ्या चढवीत नसत, त्या काळी एका पारशी मुलीला गुरूने शेकडो रोग्यांच्या श्वासाशी उभे केले, याबद्दल लॉरींचे श्रेय हिरावून घेता येत नाही. तरी विचार मनात येतो : फळीशेजारी उभ्या असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला, साहेब, हे कुत्रे तर गुंगी येण्याच्या आधीच गेले, असे म्हणावेसे वाटले असते, तर ते म्हणण्याची जागा होती काय? परीक्षा, पदवी, नोकरी, शिफारस, सगळे एकाच हाती. निजामी दफ्तरातल्या उमेदवाराप्रमाणे त्याने नोंद लिहावयाची आणि कागद पुढे सरकवावयाचा.

मनूशी माझे फारसे जमत नाही, पण मांसाविषयी बोलताना त्याने घातक कोण याची जी मोजदाद केली आहे ती विसरण्यासारखी नाही : अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा, असे आठही घातक. प्रयोगशाळेत यांतली कापण्या-मारण्याची कामे बहुधा एकाच देहात एकवटतात, आणि तो देह संशोधक विद्यार्थ्याचा असतो. अनुमती मार्गदर्शकाची आणि समितीची, पैसा सरकारचा, कीर्ती सर्वांची वाटून. पण उंदराची मान धरणारा हात त्याचा. निर्णयाचा अधिकार वर आणि हिंसा खाली, अशी ही वाटणी आहे. तिच्यात खालच्याला वरच्याशी वाद करण्याची मुभा नसेल, तर उंदराचे म्हणणे वर पोहोचविणारा दुसरा कोणीही नाही. पाहिले त्याने, लिहिले त्याने. तो गप्प बसला की प्राणीही गप्प.

हैदराबाद आज जीवशास्त्रीय संशोधनाची मोठी पेठ आहे. तारनाक्याच्या परिसरात १९५८ साली कुन्नूरहून आलेली राष्ट्रीय पोषण संस्था आहे, १९७७ साली पुष्पमित्र भार्गव यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली पेशीय व रेणवीय जीवशास्त्राची संस्था आहे, विद्यापीठे आहेत, औषधांचे कारखाने आहेत; आणि नांदेड, लातूर, परभणीकडून कितीतरी मुले-मुली आचार्यपदवीच्या आशेने तेथे येतात. अशाच एका प्रयोगशाळेत काम करणारी माझ्या मित्राची मुलगी मला काका म्हणते. संस्थेचे नाव मी घेत नाही, कारण ती जे सांगते ते एकाच संस्थेचे नाही. मी तिला मध्वाचार्यांच्या पिष्टपशूविषयी सांगितले, की जिवंत पशूऐवजी पिठाचा पशू करून याग करावा असे त्यांच्या संप्रदायाने ठरविले; आणि १९५९ साली रसेल व बर्च या दोन इंग्रजांनी प्राण्याच्या जागी दुसरे काही वापरावे, संख्या घटवावी, यातना सौम्य कराव्यात असे जे सूत्र मांडले, त्यातले पहिले कलम म्हणजे पिष्टपशूच नव्हे काय? ती हसली. "काका, आमचा पिष्टपशू म्हणजे काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी. पण त्यांना जे खाऊ घालतो ना, त्यात गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्ताचं सीरम असतं. बाटलीवर तसं लिहिलेलंच असतं." मी निरुत्तर झालो. जगभरच्या प्रयोगशाळांत वाढणारा पेशींचा एक प्रसिद्ध वंश १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णी अमेरिकन स्त्रीच्या शरीरातून तिला न विचारता घेतलेला आहे, हे मला ठाऊक होते. वासराचे ठाऊक नव्हते. सांख्यांचा तो मिसळलेला दोष पिठातही मिसळतो तर.

तिची खरी तक्रार मात्र वेगळी होती. तिच्या पहिल्या दोन वर्षांचे काम अपेक्षेविरुद्ध गेले. मार्गदर्शकांची कल्पना अशी होती की अमुक एक प्रथिन काढून टाकले तर यकृताचा दाह वाढेल. तिच्या उंदरांत काहीच फरक पडला नाही. तिने प्रयोग पुन्हा केला, गट वाढविला, तरी नाही. मग ते सारे बाजूला ठेवून दुसरा विषय देण्यात आला. मार्गदर्शक वाईट नाहीत, उलट तिच्यावर मुलीप्रमाणे माया करतात. त्यांचे म्हणणे एवढेच, की काही न सापडल्याचा लेख कोणतेही नियतकालिक घेणार नाही, आणि परीक्षकाला तो आवडणार नाही. म्हणजे त्या उंदरांनी उत्तर दिले होते, स्पष्ट दिले होते, आणि ते कपाटातल्या वहीत राहिले. उद्या पुण्यात किंवा बोस्टनमध्ये दुसरा कोणी हीच कल्पना घेऊन पुन्हा तितकेच उंदीर मारील, कारण आधी विचारून झाले आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नाही.

मला ही गोष्ट अफझलगंजापेक्षाही अधिक अस्वस्थ करते, हे मी कबूल करतो. लॉरी-ब्रंटनांनी निदान सगळे छापले, चुकले ते उजेडात चुकले. गॅस्केल-शोर यांना टीका करता आली ती त्या छापील आलेखांमुळेच. जल्पालाही गौतम सर्वस्वी टाकाऊ ठरवीत नाही. कोवळ्या अंकुराला काट्यांचे कुंपण लागते तसे तत्त्वाच्या रक्षणाला जल्प-वितंडा लागतात, असे त्याने म्हटले आहे. भांडकुदळ लॉरी त्या अर्थाने चालून गेले. पण प्रश्न विचारावयाचा, उत्तर ऐकावयाचे, आणि ते गैरसोयीचे निघाले म्हणून कोणालाच सांगावयाचे नाही, या प्रकाराला गौतमापाशी नाव नाही. कथेच्या तिन्ही प्रकारांत निदान कोणीतरी बोलत असते.

संस्थांच्या नैतिक समित्या प्राण्यांची संख्या काटेकोरपणे विचारतात. कमी का नाही, आणि इतकी तरी पुरेशी का, हे दोन्ही विचारतात, कारण अपुऱ्या संख्येतून निष्कर्ष निघाला नाही तर गेलेले प्राणी फुकट गेले. हे शहाणपणाचे आहे. परंतु समितीचा प्रश्न प्रयोगाच्या आधीचा. प्रयोगानंतर, त्या प्राण्यांनी काय सांगितले आणि ते कोठे नोंदले गेले, हे विचारणारा जाबता निदान या विद्यार्थिनीच्या वाट्याला आलेला नाही. सांख्यांनी प्रायश्चित्त सांगितले, त्याचा आजचा प्रकार मी तिला सुचविला तो असा : प्रबंधाच्या शेवटी एक परिशिष्ट असावे, आणि त्यात पदवीच्या काळात आपल्या हातून गेलेल्या प्रत्येक प्राण्याचा तपशील असावा, जात, संख्या, कशासाठी, आणि काय निष्पन्न झाले. जेथे काही निष्पन्न झाले नाही तेथे तसे लिहावे, आणि जेथे मार्गदर्शकांची कल्पना खोटी ठरली तेथे तेही लिहावे. विद्यापीठाने ते सक्तीचे करावे, म्हणजे एकट्या विद्यार्थ्यावर धैर्याचा बोजा पडणार नाही.

तिने कल्पना नावडती ठरविली नाही, पण तिच्या डोळ्यांपुढे लगेच तोंडी परीक्षेची खोली उभी राहिली. "परीक्षक म्हणतील, एवढे उंदीर आणि निकाल शून्य, मग तू दोन वर्षं केलंस काय?"

"म्हणू देत," मी म्हटले.

"तुम्हाला काय जातं काका, म्हणू देत म्हणायला," ती म्हणाली. आणि परिशिष्टात मार्गदर्शकांची सही कोणत्या पानावर घ्यावी लागेल, याचा ती हिशेब करू लागली.